किडीचे नाव आणि पिकाची किंमत

वर्गीकरणशास्त्राविषयी आपल्या सुशिक्षित समाजातही एक प्रकारची उपेक्षा आढळते. कीटकांच्या पायांवरील काटे मोजणे आणि त्यांना लॅटिन नावे देणे हा निरुद्योगी विद्वानांचा छंद होय, असा समज रूढ आहे. हा समज किती महाग पडतो, हे भातावरील तपकिरी तुडतुड्याच्या इतिहासावरून दिसून येईल.

हा तुडतुडा ज्या वंशात मोडतो त्याचे शास्त्रीय नाव ‘निलापर्वता’. मराठी कानाला ते घरचेच वाटावे! विल्यम डिस्टंट या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १९०६ साली हा वंश स्थापन केला आणि सिलोनमधील एका जातीला ‘ग्रीनी’ हे नाव दिले. पुढे असे निष्पन्न झाले की, ती जात नवी नव्हतीच. स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल स्टाल यांनी १८५४ सालीच ‘लुगेन्स’ या नावाने, परंतु निराळ्या वंशाखाली, तिचे वर्णन केले होते. जुने नाव ग्राह्य या नियमाने आज ती ‘निलापर्वता लुगेन्स’ ठरली आहे. एकच कीड अनेक नावांनी वावरत असेल, तर एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाच्या कामी येणार कसा?

आपल्या बोलीत हिरवा आणि तपकिरी असे दोन्ही तुडतुडेच. वस्तुतः त्यांची कुले भिन्न आहेत. तपकिरी तुडतुड्याच्या कुलाची खूण म्हणजे मागील पायावरची हलणारी नखी. ‘निलापर्वता’ वंशाची ओळख त्याच पायाच्या पावलावरील बारीक काट्यांवरून पटते. या वंशात डझनभराहून अधिक जाती असून त्या आशियाप्रमाणेच आफ्रिकेत व अमेरिकेतही आढळतात. भातावर जबर संकट आणते ती मात्र मुख्यतः एकच. तिची भाऊबंद असलेली ‘बेकरी’ ही जात लीर्सिया नावाच्या पाणथळ गवतावर जगते.

दिसण्यात एक, वागण्यात दोन

परंतु केवळ रूपावरून जात ठरत नाही. लीर्सियावर राहणारे काही तुडतुडे हुबेहूब ‘लुगेन्स’सारखेच दिसतात. नर-मादी रोपाच्या दांड्यातून कंपने पाठवून एकमेकांना साद घालतात. ब्रिटनमधील क्लॅरिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साद तपासली, तेव्हा भातावरच्या आणि गवतावरच्या तुडतुड्यांची लय निराळी निघाली. या दोन स्वतंत्र जातीच असाव्यात, असा निष्कर्ष त्यांनी १९८५ साली मांडला. बांधावरच्या गवतातून कीड भातावर येते की नाही, या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर अशा अभ्यासावर अवलंबून असते.

भाताच्या वाणांचीही कथा अशीच आहे. १९७३ साली प्रसारित झालेला ‘आयआर २६’ हा प्रतिकारक्षम वाण दोन-तीन वर्षांतच तुडतुड्यांना बळी पडू लागला. मग १९७६ साली ‘आयआर ३६’ आला. काही वर्षांनी त्याचाही प्रतिकार काही भागांत ढासळला. प्रत्येक वेळी किडीचा नवा ‘प्रकार’ उद्भवला असे म्हणून त्याला क्रमांक देण्यात आला. वास्तविक एकाच शेतातील तुडतुड्यांतही पुष्कळ विविधता असते आणि एकच वाण सर्वत्र लावला की त्यावर तगणाऱ्यांची संख्या काही पिढ्यांत वाढते. क्रमांकामुळे प्रश्नाला नाव मिळाले, पण त्याचा उलगडा झाला नाही.

अज्ञानाचा खर्च

अर्थशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत बोलका अनुभव इंडोनेशियाचा आहे. तेथे सरकार कीटकनाशकांवर भरघोस अनुदान देत होते आणि तरीही तुडतुड्यांचे थैमान वाढतच होते. कारण उघड आहे. पर्णकोषात दडलेली अंडी फवाऱ्यातून वाचतात; मरतात ते तुडतुडे खाणारे कोळी आणि तुडतुड्यांची अंडी शोषणारे हिरवट ढेकूण. अखेर १९८६ साली तेथील राष्ट्राध्यक्षांनी भातासाठी ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि १९८९ मध्ये अनुदानही संपुष्टात आले. शत्रू कोण आणि मित्र कोण, हे ओळखता न आल्याचा भुर्दंड तोवर सरकारी खजिन्याने आणि शेतकऱ्याने मिळून भरला होता.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या धानपट्ट्यातील शेतकऱ्याला हे संकट नवे नाही. उभ्या धानात करपलेली खळी पडलेली पाहून तो हाती लागेल ते औषध फवारतो. त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु पानावरचा किडा कोणता, हे सांगणारा माणूस त्याच्या हाकेच्या अंतरावर नसेल, तर त्याने दुकानदाराचे ऐकू नये तर काय करावे?

किडीची अचूक ओळख ही अशी संपत्ती आहे की, एकाने वापरली म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. म्हणूनच ती बाजारात विकली जात नाही आणि तिच्यासाठी कोणी व्यापारी पैसे गुंतवीत नाही. औषधाची बाटली विकता येते. ‘या किड्याला मारू नका’ हे ज्ञान विकता येत नाही. अशा ज्ञानाचा भार शासनाने व विद्यापीठांनीच उचलावयास हवा. संग्रहालयातील नमुन्यांवर, वर्गीकरणतज्ज्ञांच्या जागांवर आणि गावपातळीवरील कीड-ओळखीवर होणारा खर्च ही चैन नव्हे. तो टाळला, तर तोच खर्च शेतकऱ्याच्या खिशातून, आणि व्याजासह, वसूल होतो.