उत्क्रांतीच्या हिशेबात आजी

डार्विनच्या सिद्धान्ताचा ढोबळ हिशेब मांडला, तर आजी ही व्यक्ती जगात असावयासच नको. निसर्गनिवडीला एकच नाणे ओळखू येते : पुढील पिढ्यांत वंश किती उरला. मग पन्नाशीच्या सुमारास जिची प्रसवक्षमता संपते, त्या स्त्रीला आणखी वीस-पंचवीस वर्षांचे कामसू आयुष्य निसर्गाने कशासाठी बहाल करावे? आपल्या निकटच्या आप्त ज्या चिंपँझी माद्या, त्या रानात सामान्यतः चाळिशीपलीकडे फारशा जगत नाहीत. (युगांडातील न्गोगो येथील कळप याला काहीसा अपवाद असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.)

‘हा तर औषधोपचारांचा प्रताप’, असे कोणी म्हणेल. ते खरे नव्हे. पूर्वीचे सरासरी आयुर्मान तीस-पस्तीस वर्षांचे दिसते ते मुख्यतः बालमृत्यूंमुळे. शिकारीवर व कंदमुळांवर गुजराण करणाऱ्या जमातींतही, जी मुले जगून मोठी होत, त्यांतील पुष्कळजण साठी ओलांडीत.

१९५७ साली जॉर्ज विल्यम्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने सुचविले, की उतारवयात नव्या बाळंतपणाचा धोका पत्करण्यापेक्षा आहेत ती मुले मार्गी लावणे हेच वंशाच्या दृष्टीने अधिक लाभाचे ठरत असावे. कल्पना सुबक होती. पण तिला शेताबांधावरचा पुरावा हवा होता. तो मिळाला टांझानियात.

तेथे एयासी सरोवराच्या आसमंतात हाड्झा नावाची सुमारे हजार लोकांची जमात राहते. क्रिस्टन हॉक्स, जेम्स ओ’कॉनेल व निकोलस ब्लर्टन जोन्स यांनी १९८० च्या दशकात तिच्यात राहून, कोण किती वेळ काम करतो आणि किती अन्न आणतो, याची टाचणे केली. पुरुष धनुष्यबाण घेऊन मोठ्या शिकारीस निघत, आणि बहुतेक दिवस रिकाम्या हातांनी परत येत. पोटाचा रोजचा आधार होता तो बायकांनी टोकदार काठीने कठीण भुईतून उकरून काढलेल्या कंदांचा. लहान मुलांच्या मनगटात तेवढा जोर नसतो. आश्चर्य असे, की तरुण बायकांहून म्हाताऱ्या अधिक वेळ खपत होत्या! घरात नवे तान्हे आले, की आईचे उकरणे मंदावते. अशा वेळी अंगावरून सुटलेल्या थोरल्या भावंडाचे वजन किती वाढते, हे आईच्या नव्हे, तर आजीच्या श्रमांवर अवलंबून असल्याचे आढळले.

यातून पुढचा धागा निघतो. चिंपँझीच्या दोन पिलांत पाच-सहा वर्षांचे अंतर पडते. कारण आईवाचून पिलाला वाली नाही. अशा जमातींतील माणसाची बाई तीनेक वर्षांतच पुन्हा आई होऊ शकते. मधल्या मुलाला कोणीतरी भरविणारे असते म्हणूनच. फिनलंड व कॅनडा येथील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील नोंदी तपासून २००४ मध्ये संशोधकांनी दाखविले, की पन्नाशीनंतर स्त्री जितकी दशके जगली, त्या प्रत्येक दशकामागे सुमारे दोन नातवंडे तिला अधिक लाभली.

सारा ब्लाफर हर्डी या विदुषीने २००९ साली यापुढे जाऊन मनाचाच प्रश्न उपस्थित केला. जे मूल एकट्या आईवर विसंबून नाही, त्याला आजी, मावशी, थोरली बहीण अशा अनेकींचे चेहरे वाचावे लागतात. कोण घेईल, कोण झिडकारील, हे ताडावे लागते. दुसऱ्याचे मन ओळखण्याची मानवी हातोटी या मांडीवरून त्या मांडीवर जाताना घडली असावी, असे त्यांचे मत. आम्हांस ते पटते. परप्रांती रुजलेल्या आपल्या घरांतून मराठी टिकली तीही बरीचशी त्याच मांडीवर, असो.

परंतु आजी म्हणजे कोणती? गँबियात १९५० ते १९७४ या काळात जमविलेल्या माहितीवरून असे दिसले, की आईची आई हयात असल्यास अंगावरून सुटलेल्या वयाची मुले अधिक जगत. वडील असण्या-नसण्याने मात्र फरक पडत नव्हता. जर्मनीतील क्रुमहॉर्न परगण्याच्या चर्चच्या दप्तरांनी तर याहून कटू गोष्ट सांगितली. तेथे आईची आई असता अर्भकमृत्यू कमी होत, आणि वडिलांची आई असता ते वाढत! आता, जी लेकीच्या मुलांची आजी तीच मुलाच्याही मुलांची. तेव्हा दोष बाईच्या स्वभावात शोधून भागत नाही, नात्यात शोधावा लागतो. सासूच्या धाकाखाली गरोदर सुनेवर पडणारे कष्ट आणि मनावरचा ताण हे कारण असावे, असा संशोधकांचा कयास आहे. जात्यावरच्या ओव्यांतून सासुरवास ऐकलेल्या वाचकांस तो अपरिचित वाटू नये. मात्र तो कयासच आहे. चर्चच्या वहीत बारसे आणि दफन यांच्या तारखा आहेत, चुलीपाशी काय बोलणे झाले ते कोणी टिपून ठेवलेले नाही.