टेलेमान : स्वतःचे संगीत स्वतः छापून विकणारा कँटर

आपल्या मंडळ्यांतून नव्या चाली रचणारे पुष्कळ आहेत. परंतु त्या चालींची स्वरलिपी छापून निघते ती क्वचितच. चाल वहीत राहते आणि रचनाकाराच्या पश्चात वहीही सापडत नाही. प्रकाशक मिळत नाही, ही तक्रार मात्र नवी नव्हे. अठराव्या शतकातील जर्मनीत एका चर्च-संगीतकाराने तिच्यावर जो उपाय योजला, तो पाळक व उपदेशक बंधुभगिनींनी समजून घेण्याजोगा आहे.

गेओर्ग फिलिप टेलेमान (१६८१–१७६७) हा १७२१ साली हॅम्बुर्ग येथे कँटर व नगरातील पाच प्रमुख चर्चांचा संगीत-संचालक झाला. १७२५-२६ मध्ये त्याने ‘देर हार्मोनिशे गोटेसडीन्स्ट’ हा ७२ कँटाटांचा संग्रह स्वतःच प्रकाशित केला. उपासना-वर्षातील रविवार व सण यांसाठी त्यात एकेक रचना आहे; आणि प्रत्येक रचनेस गायक एक, वाद्य एक, व खालच्या स्वरांची साथ एवढेच पुरते. मोठा गायकवृंद नसलेल्या लहान गावाच्या चर्चला आणि घरच्या उपासनेलाही ते परवडावे, हा त्यातील हिशेब होता. विकत घेणारा कोण, हे लिहावयास बसण्यापूर्वीच त्याने पाहिले होते.

संगीत छापण्याच्या त्या काळी दोन मुख्य रीती होत्या. खिळे जुळवून छापावयाचे तर सर्व प्रती एकदमच काढाव्या लागत, कारण खिळे पुढील कामासाठी मोकळे करावयाचे असत. प्रती खपल्या नाहीत तर कागद व मजुरी दोन्ही बुडत. दुसरी रीत धातूच्या पत्र्यावर स्वर कोरण्याची. पत्रा जपून ठेवता येई व मागणी येईल तशा थोड्या थोड्या प्रती काढता येत. टेलेमानने ही दुसरी रीत धरली आणि कथिलाच्या मिश्रधातूचे पुष्कळसे पत्रे स्वहस्ते कोरले. त्यामुळे कारागिराची मजुरी वाचलीच, शिवाय न खपलेल्या प्रतींचे ओझेही डोक्यावर राहिले नाही.

भांडवल त्याने वर्गणीदारांकडून उभे केले. ‘ताफेलमुझिक’ (१७३३) या ग्रंथाला २०६ वर्गणीदार मिळाले. त्यांत लंडनचा हँडेलही होता. वर्गणीदारांची नावे ग्रंथात छापली जात. एकोणिसाव्या शतकातील मराठी ग्रंथांतून आश्रयदात्यांची यादी पाहिलेल्यांना ही प्रथा परकी वाटणार नाही. परगावची विक्री बहुधा परिचितांकरवी होई. लायप्झिगमध्ये योहान सेबास्टियन बाख यानेही इतर संगीतकारांची पुस्तके आपल्याकडे विक्रीस ठेवली होती.

१७२८ साली टेलेमानने ‘देर गेट्रॉय म्युझिकमाइस्टर’ हे संगीताचे पाक्षिक सुरू केले. त्यात एखादी रचना अर्धीच छापून उरलेला भाग पुढील अंकासाठी राखला जाई. साहजिकच ग्राहकाला पुढचा अंक घ्यावा लागे. कँटराला ही युक्ती शोभते काय, असे कोणी विचारील. मला तरी तीत दोष दिसत नाही.

दोष होता तो चोरट्या छपाईचा. पॅरिसमधील एका प्रकाशकाने त्याच्या रचना परवानगीवाचून काढल्या. टेलेमान १७३७ साली स्वतः पॅरिसला गेला, त्याने राजाकडून २० वर्षांचा छपाईचा हक्क मिळविला आणि नव्या चतुर्वाद्य-रचना १७३८ साली तेथेच प्रसिद्ध केल्या. १७४० साली मात्र त्याने आपल्या ४४ ग्रंथांचे पत्रे विकावयास काढले.

सर्वांचेच असे साधले नाही. बाखचा ‘फ्यूगची कला’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७५१ साली निघाला. १७५६ पर्यंत त्याच्या सुमारे ३० प्रती खपल्या आणि पुत्र कार्ल फिलिप इमानुएल याने पत्रे विक्रीस काढले. ग्रंथ थोर होता. परंतु वाजविणारे थोडे होते. पुढे हाच पुत्र टेलेमानच्या जागी हॅम्बुर्गला आला व त्याने आपली रचना वर्गणीच्या मार्गानेच प्रसिद्ध केली.

आज पत्रे कोरावे लागत नाहीत. हक्काचा प्रश्न तेवढा उरला आहे. त्याविषयी आपल्याकडे अनास्था फार. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार शब्द व संगीत या दोन वेगळ्या कृती आहेत. नोंदणी केली नाही तरी हक्क असतो व तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. उपासनेत गीत गाण्यास कायद्याने सूट आहे. परंतु एक प्रत विकत घेऊन गायकवृंदासाठी तिच्या तीस झेरॉक्स प्रती काढणे हे गाणे नव्हे, आणि अशा वेळी रचनाकाराच्या हाती काहीच पडत नाही. प्रकाशकाला हक्क द्यावयाचा तर लेखी, सहीनिशी द्यावा. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे, व क्षेत्र लिहिले नसेल तर भारत, असे कायदा धरतो.

चाल आपली पण शब्द दुसऱ्याचे असतील, तर छपाईपूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी. ना. वा. टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांच्या शब्दांना आता हे बंधन नाही. मात्र त्या शब्दांना आज कोणी नवी चाल लावली, तर ती चाल लावणाऱ्याची आहे आणि छापील प्रतीवर त्याचे नाव असले पाहिजे.