रद्दीतून वाचलेली पुस्तकं

एप्रिल-मे उजाडला, मुलांच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या वऱ्हाडात घरोघरी दोन कामं निघतात. एक वाळवणाचं आणि दुसरं आवराआवरीचं. माळ्यावरची खोकी खाली येतात, धूळ झटकली जाते आणि दारात रद्दीवाल्याचा काटा लागतो. मुलाची बारावीची पुस्तकं, नणंदेच्या डी.एड.च्या वेळची गाइडं, सासऱ्यांनी जपलेल्या कादंबऱ्या, दिवाळी अंक... सगळं एकाच भावात! ‘ने बाबा, जागा तरी होईल’ असं म्हणून आपण मोकळ्या होतो.

खरं म्हणजे वस्तू वाया जाऊ न देणं आपल्या अंगातच असतं. विटक्या लुगड्याची आपण गोधडी करतो. जुन्या कपड्यांवर बोहारणीशी घासाघीस करून पातेलं मिळवतो. मग पुस्तकांच्याच बाबतीत हात इतका सैल का? कारण ते कुणाला हवं आहे, हे आपल्याला ठाऊक नसतं. नकोसं झालेलं पुस्तक एका गल्लीत आणि त्याची वाट पाहणारं लेकरू दुसऱ्या गल्लीत, पण दोघांची गाठ पडत नाही. ती गाठ घालून देण्याचं काम आम्ही अमरावतीतल्या काही मैत्रिणी आणि अकोल्यातला आमच्यासारखाच एक गट करतो.

सुरुवात केली ती रद्दीवाल्यापासूनच. त्याच्या पोटावर पाय द्यायचा नाही, हे आधीच ठरवलं होतं. गठ्ठे आम्हाला चाळू द्यायचे, आम्ही उचलू त्या पुस्तकांचे रद्दीच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे घ्यायचे, असा सौदा झाला. पहिल्या दिवशी तो हसला. “ताई, कायले निवडत बसता? सारं गिरणीतच जाते!” आता तोच चांगली पुस्तकं बाजूला काढून ठेवतो.

पुस्तकं जमवणं सोपं असतं हो, खरी मेहनत निवडण्यात आहे. आम्ही तीन ढीग करतो. धडधाकट, दुरुस्त होण्याजोगी आणि खरोखरच रद्दी. वाळवी लागलेलं किंवा बुरशीचं पुस्तक दुसऱ्यांजवळ ठेवायचंच नाही. कुबट वास असेल तर सावलीत, वाऱ्यावर उघडून ठेवायचं. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात ठेवलं तर पानं पिवळी पडून तडकतात. पाठ उसवली असेल तर जुन्या सुती धोतराची पट्टी आणि फेव्हिकॉल. सेलोटेप अजिबात नको, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि पानही खराब करते. एखाद्या वाचनालयाचा शिक्का दिसला तर आधी तिथे विचारून घ्यायचं. पानात सापडलेला फोटो, चिठ्ठी, नोट ज्या घरची त्या घरी परत.

शाळेच्या पुस्तकांना तर जास्तच डोळसपणा लागतो. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत वहीची कोरी पानं जोडली होती. मुलांनी त्यावर लिहिलं, मग ते पुस्तक पुढच्या मुलाला कसं देणार? २०२५-२६ पासून ही पद्धत बंद झाली. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार टप्प्याटप्प्याने अभ्यासक्रम बदलतो आहे, म्हणून पुस्तक देण्याआधी शाळेत विचारावंच लागतं. बदललेल्या अभ्यासक्रमाचं पुस्तक गरिबाच्या लेकराच्या हाती देणं म्हणजे त्याची फसवणूकच की!

आमचा सगळा जोर मात्र नववीपासून पुढे आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात. नववीला खर्च सुरू होतो आणि नेमकं त्याच वयात ‘पोरीले आता कायले शिकवायचं’ हा प्रश्नही घरात सुरू होतो. दर्यापूरकडची एक मुलगी अकरावी सायन्सला अमरावतीत आली. आई शेतमजूर. फी कशीबशी भरली, पुस्तकांपाशी गाडी अडली. आमच्या कपाटातून दोन वर्षांचा जवळजवळ पूर्ण संच निघाला. बारावी झाल्यावर तिने तो परत आणून दिला, नवी कव्हरं घालून आणि अवघड गणितं सोडवलेली स्वतःची वहीसुद्धा सोबत ठेवून. त्या वहीला आता पुस्तकांपेक्षा जास्त मागणी आहे!

अकोल्याच्या मैत्रिणींचा उपयोग असा की प्रत्येक गावची रद्दी वेगळी असते. अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे तिकडे शेतीची पुस्तकं जास्त निघतात. आमच्याकडे स्पर्धा परीक्षांची आणि कथा-कादंबऱ्यांची चळत. मग बडनेऱ्याहून रेल्वेने किंवा एसटीने जाणाऱ्या-येणाऱ्या कुणाच्याही हातात एक पिशवी द्यायची. लग्नाच्या वऱ्हाडासोबतसुद्धा पुस्तकं गेली आहेत!

महाराष्ट्रात असे प्रयोग आणखीही आहेत. डोंबिवलीत पुंडलिक पै यांच्या पै फ्रेंड्स लायब्ररीने २०१७ पासून पुस्तकांच्या आदान-प्रदानाचा सोहळा सुरू केला. आपलं वाचून झालेलं पुस्तक द्यायचं आणि दुसऱ्याचं न्यायचं. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत विनायक रानडे यांनी २००९ पासून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरवल्या. ती पुस्तकं देणगीतून घेतलेली, रद्दीतली नव्हेत. पण वाचकाने पुस्तकापर्यंत येण्याची वाट न बघता पुस्तकानेच त्याच्याकडे जायचं, ही युक्ती आम्ही तिथूनच उचलली. आमच्याही पिशव्या आता वस्त्यांमध्ये, वृद्धाश्रमात फिरतात. तिथल्या एक आजी म्हणाल्या, “डोये गेले बाप्पा, मोठ्या अक्षराचं आण.” तेव्हापासून मोठ्या टाइपाची पुस्तकं वेगळी काढतो.

एक गोष्ट मात्र परखडपणे सांगते. दान म्हणजे घरातली अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकणं नव्हे. जे आपण आपल्या मुलाच्या हाती देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलालाही द्यायचं नाही. भांडी विका, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलांना शिकवा, असं आपल्याच जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा सांगत फिरले. आपल्याला तर भांडीही विकायची नाहीत. फक्त घरात पडून असलेलं पुस्तक थोडं चालवायचं आहे.

मैत्रिणींनो, सुरुवातीला एक कपाट, एक वही आणि चार जणी पुरेत. वहीत तीन रकाने आखा : पुस्तकाचं नाव, कुणाकडून आलं, कुणाकडे गेलं. आमच्याकडे पहिले दोन रकाने भरले म्हणून कुणी पाठ थोपटत नाही. तिसरा भरला, की मगच ते पुस्तक वाचलं असं आम्ही धरतो... दोन्ही अर्थांनी!