फी माफ होती ना!

१ जुलै २०२५ पासून अमेरिकेतली विद्यापीठं आपल्या खेळाडूंना उघडउघड पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आमच्या ओहायोतल्या कोलंबसमध्ये आता जो तो म्हणतो, हे केव्हाच व्हायला हवं होतं. म्हणणाऱ्यांचे चेहरे ओळखीचे आहेत, म्हणून जास्त राग येतो.

कॉलेजच्या खेळाडूंनी हौशीच राहावं, पैसे घेऊ नयेत, असा नियम करणारी एनसीएए ही संघटना १९०६ ची. तिची पहिली शंभर वर्षं भराभर उलटायला हरकत नाही. फक्त १९५५ पाशी थांबू. कोलोरॅडोतला रे डेनिसन हा खेळाडू कॉलेजच्या फुटबॉल सामन्यात डोक्याला मार बसून गेला. बायकोनं कामगार-भरपाई मागितली, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं नाकारली. हौशी खेळाचं सोवळं कुणाच्या सोयीचं होतं, ते तिथेच कळतं.

माझं दशक २०१० चं. २०१० च्या डिसेंबरात इथल्याच ओहायो स्टेट विद्यापीठाच्या पाच फुटबॉलपटूंवर पाच-पाच सामन्यांची बंदी आली. गुन्हा काय? स्वतःला मिळालेल्या अंगठ्या, जर्सी विकल्या, टॅटू स्वस्तात काढून घेतले. प्रशिक्षकाचा वर्षाचा पगार तीस लाख डॉलरच्या वर, स्टेडियम लाखभर माणसांनी भरलेलं. तेव्हा संघाला मधल्या वेळी फळं, दाणे, बेगल देता यायचे. बेगलला क्रीम चीज फासलं की नियमभंग! २०१४ मध्ये अजिंक्यपदाच्या दिवसांत बास्केटबॉलपटू शबाझ नेपियरनं सांगितलं, की काही रात्री आपण उपाशी झोपतो. मग कुठे जेवणावरची बंधनं उठली.

मराठी मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत, यावरून खडाजंगी व्हायची. ‘फी माफ आहे ना, मग आणखी काय पालखीतून मिरवायचं?’ असं विचारणारे बहुतेक जण स्वतः टीचिंग असिस्टंटशिपवर शिकलेले. त्यांचीही फी माफ होती आणि वर दरमहा स्टायपेंड! पहिल्या वर्षाच्या पोरांचे पेपर तपासणं हे काम, आणि हंगामात आठवड्याला चाळीस-पन्नास तास अंग मोडून घेणं हा म्हणे छंद.

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी त्याच २०१४ त युनियनसाठी मतदान केलं. पुढच्या वर्षी केंद्रीय कामगार मंडळानं प्रकरणातून अंग काढून घेतलं. मतं मोजलीच गेली नाहीत.

२०२१ त सर्वोच्च न्यायालयानं ९-० नं एनसीएएचे कान उपटले आणि पैशाला दारं उघडली. पण जे आत आलं त्यानं हुरळून जावं असं नाही. टीव्हीच्या पैशापायी पश्चिम किनाऱ्याची जुनी पॅक-१२ लीग फुटली. लॉस एंजेलिसचे संघ आता ओहायोच्या गटात खेळतात. संघातल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली, तेव्हा शिष्यवृत्तीविना, निव्वळ हौसेनं टिकून राहिलेल्या कित्येक मुलांच्या हाती नारळ आला. पैशाचा मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला. पोहणाऱ्या, धावणाऱ्या मुलींच्या वाट्याला चिल्लर.

आणि इतकं होऊनही हे खेळाडू विद्यापीठाचे कर्मचारी नाहीतच. पैसे द्यायचे, हुकूम सोडायचे, पण कामगार म्हणायचं नाही, ही लबाडी १९५५ चीच आहे. त्यांना रीतसर नोकरीवर घ्या आणि युनियन करू द्या.