सहाव्या वर्षीची दाढ आणि सीलंटचे कवच

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे पहिली कायमची दाढ येते. दात न पडताच ती उगवत असल्याने अनेक पालक तिला दुधाचीच समजतात. तिच्या खोल खाचांत ब्रशचे केस पोहोचत नाहीत. कीड तिथूनच लागते. या खाचा बुजवणारा पातळ लेप म्हणजे सीलंट.

दंतवैद्य दाढ स्वच्छ करून कापसाच्या बोळ्यांनी कोरडी ठेवतात. सुमारे 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाचे जेल लावून, धुऊन वाळवल्यावर ती खडूसारखी पांढरट दिसते. मग सीलंट भरून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. त्याआधी लाळ लागली, तर लेप टिकत नाही. यासाठी भूल लागत नाही. मात्र नियमित तपासणी आणि रोजचे ब्रश करणे सुटत नाही.