पाणबुडीत भिडू हवा का?

संगणकावर मी पाणबुडी चालवतो असे म्हटले की आमच्या वर्गात हशा पिकतो. "आधी कुंडलिकेत होडी वल्हवून दाखव," असे एका मित्राने सुनावलेही. तरीही या खेळाविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करतो.

१९८५ चा 'सायलेंट सर्व्हिस' किंवा २००५ चा 'सायलेंट हंटर ३' हे खेळ मुख्यतः एकट्याने खेळायचे. माझगाव गोदीत बांधलेली आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात दाखल झालेली 'कलवरी' चालवायला चाळीसेक माणसे लागतात. इथे मात्र कप्तान आपण आणि हुकूम पाळणारे यंत्र! शिवाय काळही आपल्या मुठीत. कळ दाबली की खेळातले घड्याळ शेकडो पटींनी धावते. पेणहून सुटलेली गाडी कासू, नागोठणे, निडी गाळून एकदम रोह्यात उभी राहावी, तसे. चूक झालीच, तर जतन केलेल्या जागेवरून पुन्हा आरंभ.

२०१९ साली आलेल्या 'वुल्फपॅक'मध्ये एकाच पाणबुडीत अनेक भिडू बसतात. एक पेरिस्कोपशी, एक सुकाणूवर, एक कानाला यंत्र लावून पाण्यातले आवाज ऐकणारा, एक नकाशावर. घड्याळ सर्वांचे एक, त्यामुळे ते पळवता येत नाही. तासभर काहीच घडत नाही. पण गप्पा रंगतात!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे रोह्याहून आणि दोघे पेणहून असे खेळत होतो. शत्रूच्या जहाजाचा वेग काढायचा होता. त्याची रीत सोपी आहे. आपली पाणबुडी जवळजवळ स्थिर ठेवायची, पेरिस्कोपमधल्या उभ्या रेषेवर जहाजाचे नाक आले की घड्याळ सुरू करायचे, शेपूट गेले की बंद. लांबीला सेकंदांनी भागले की वेग. जहाज १४० मीटरचे होते. मी "आता" म्हणायचे आणि पेणच्या मित्राने घड्याळ दाबायचे, असे ठरले. ३४ सेकंद आले, म्हणजे ८ नॉट. प्रत्यक्षात वेग १० नॉट होता. २७ सेकंद यायला हवे होते.

सात सेकंदांनी काय बिघडते? टॉर्पेडोचा वेग ३० नॉट, अंतर दीड हजार मीटर. पोचायला ९७ सेकंद. तेवढ्यात जहाज ५०० मीटर पुढे जाते, आम्ही नेम धरला ४०० मीटरवर. जहाजाच्या मध्यावर रोखलेला टॉर्पेडो शेपटामागून तीसेक मीटरवरून निघून गेला. मग विनाशिकांनी आम्हांला बुडवले. मी त्याच्यावर तोंडसुख घेतले. तो दोन रात्री खेळायला आला नाही.

खरी गोष्ट अशी, की दुसरा "आता" मीच उशिरा म्हणालो होतो. मागून येणाऱ्या मोठ्या जहाजाकडे माझे लक्ष गेले होते. एकटा खेळत असतो तर निमूटपणे मागे जाऊन पुन्हा डाव मांडला असता आणि ही चूक माझीच मला कळली नसती.

पुढच्या आठवड्यात पेण स्टेशनवर भेटलो, तेव्हा त्याला हे सांगितले. "तेव्हाच कळले होते," तो म्हणाला, "तू इतका ओरडत होतास की सांगायला फट मिळाली नाही."

नव्याने शिकणाऱ्याने मात्र आधी एकट्याने खेळावे. गणित हाताखालून जाते आणि कोणाचा खोळंबा होत नाही. आमच्या पाणबुडीत आता वेग दोनदा मोजतात, आणि दुसऱ्या वेळी पेरिस्कोपशी मी नसतो.