शर्यतीचा कुत्रा घरी येतो

२०१८ सालच्या जुलै महिन्यात चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरील मकाव या लहानशा शहरातील एक जुने क्रीडांगण बंद झाले. त्याचे नाव कॅनिड्रोम. तेथे ग्रेहाउंड जातीच्या कुत्र्यांच्या शर्यती होत आणि लोक त्यांवर पैसे लावीत. जागा सोडा, असे सरकारने दोन वर्षे आधीच बजावले होते. मुदत संपली, दिवे मालवले, प्रेक्षक गेले. पण कुत्र्यांची सोय कोणीच केली नव्हती. मागे उरले ५३३ ग्रेहाउंड! तेथील ‘अनिमा’ या प्राणिमित्र संस्थेने परदेशी संस्थांच्या मदतीने त्यांच्यासाठी इटली, ब्रिटन, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांत घरे शोधली.

तुम्ही म्हणाल, कुत्र्याला घर देण्यात अवघड ते काय? दूध-भाकरी घातली, पाठीवरून हात फिरवला, की झाले! परंतु शर्यतीतून निवृत्त झालेल्या ग्रेहाउंडच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. का भागत नाही, ते समजण्यासाठी प्रथम त्याचे शरीर पाहू.

धावण्यासाठी घडलेले शरीर

सोलापूर-सांगलीकडच्या वाचकांनी कारवानी कुत्रा पाहिला असेल. लांब पाय, निमुळते तोंड, खोल छाती आणि आत ओढलेले पोट. ग्रेहाउंडची ठेवणही अशीच. दोघेही वासापेक्षा नजरेने सावज हेरून त्याचा पाठलाग करणारे शिकारी कुत्रे.

चांगला ग्रेहाउंड ४८० मीटर अंतर ३० सेकंदांच्या आत कापतो. गणित करून पाहा: सेकंदाला १६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५८ किलोमीटर. ही झाली सरासरी. त्याचा कमाल वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास जातो. २००९ साली उसेन बोल्टने १०० मीटरचा जागतिक विक्रम केला, तेव्हा त्याची सरासरी ताशी ३८ किलोमीटरही भरली नव्हती.

या वेगाचे एक रहस्य त्याच्या लवचीक कण्यात आहे. धनुष्याप्रमाणे कणा वाकवून तो चारही पाय पोटाखाली घेतो आणि पुढच्याच क्षणी पूर्ण ताणतो. त्यामुळे प्रत्येक झेपेत त्याचे चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटलेले असतात: एकदा अंग आखडलेले असताना आणि एकदा ताणलेले असताना. दुसरे रहस्य छातीत आहे. शरीराच्या मानाने त्याचे हृदय इतर कुत्र्यांपेक्षा मोठे असते.

वळणावरचा भार

शर्यतीचे मैदान लंबवर्तुळाकार असते. यांत्रिक ससा पुढे पळतो आणि कुत्रे बहुधा डावीकडे वळत त्याच्यामागे धावतात. सायकलवरून वेगाने वळताना आपण बाहेर फेकले जाऊ, असे वाटते ना? धावणाऱ्या कुत्र्याच्या पायांनाही वळणावर असाच जादा भार सोसावा लागतो.

माणूस वळणावर धावताना पाऊल जमिनीवर थोडा जास्त वेळ टेकवतो. भार अधिक वेळात विभागला जातो आणि पायावरचे बल वाढत नाही. मात्र वेग कमी होतो. ग्रेहाउंडचे काय होते, हे ब्रिटनमधील जेम्स अशरवुड आणि ॲलन विल्सन या शास्त्रज्ञांनी तपासले. २००५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की ग्रेहाउंड पाऊल टेकण्याची वेळ बदलतच नाही. परिणामी तीव्र वळणावर त्याच्या पायांवरील बल सुमारे ६५ टक्क्यांनी वाढते.

हा भार रोज त्याच बाजूने पडत राहतो. म्हणूनच मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातील लहान हाड मोडणे ही या शर्यतींतील नेहमीची दुखापत आहे. हाड मोडले की शर्यत संपली. दुखापत न झालेले कुत्रेही बहुधा चार-पाच वर्षांच्या आत निवृत्त होतात. ग्रेहाउंडचे आयुष्य मात्र दहा ते तेरा वर्षांचे! म्हणजे अर्ध्याहून अधिक जीवन शर्यतीनंतरचे असते.

फसवे रक्त

आश्रयगृहात आलेल्या कुत्र्याची पहिली भेट पशुवैद्यांशी होते. येथे ज्ञान नसेल तर घात होऊ शकतो. इतर कुत्र्यांच्या १०० मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशी साधारणपणे ४५ मिलिलिटर जागा व्यापतात. ग्रेहाउंडमध्ये हेच प्रमाण ५५ ते ६० पर्यंत जाते. जितक्या तांबड्या पेशी अधिक, तितका स्नायूंना ऑक्सिजनचा पुरवठा अधिक. याउलट रक्त गोठविण्यास मदत करणाऱ्या बिंबाणूंची संख्या आणि कंठस्थ ग्रंथीच्या थायरॉक्सिन या संप्रेरकाचे प्रमाण त्याच्यात कमी असते. हे त्याच्या जातीचे वैशिष्ट्य आहे, आजार नव्हे. पण सर्वसाधारण कुत्र्याच्या तक्त्याशी ताडून पाहणारा वैद्य निरोगी प्राण्याला रोगी ठरवून औषध सुरू करील!

भुलीच्या औषधाचे तर अधिकच जपावे लागते. थायोपेंटोन हे औषध रक्तातून स्नायूंत आणि चरबीत पसरते, तसा त्याचा अंमल उतरू लागतो. पुढे यकृत त्याचे विघटन करते. ग्रेहाउंडच्या अंगात चरबी फारच थोडी आणि त्याच्या यकृताचे हे कामही मंद. त्यामुळे इतर कुत्रा शुद्धीवर येऊन चालू लागला, तरी ग्रेहाउंड तासन्‌तास गुंगीत राहतो. हे ठाऊक असलेले वैद्य दुसरे औषध निवडतात.

जिना म्हणजे काय?

शरीराची तपासणी झाली, आता मनाची. या कुत्र्याचे बालपण इतर ग्रेहाउंडांच्या सोबतीत, कोठडीत आणि मैदानावर गेलेले असते. त्याने घर पाहिलेलेच नसते. जिन्याशी आला की पहिल्या पायरीवर तो थरथरत उभा राहतो. एकेक पाय उचलून वर ठेवायला त्याला शिकवावे लागते. काचेचे दार त्याला दिसत नाही, म्हणून काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवतात. आरशातला कुत्रा पाहून तो चकित होतो. झोपेत त्याला अचानक कोणी स्पर्श केलेला नसतो. म्हणून आधी हाक मारावी आणि मगच हात लावावा, हे घरातल्या मुलांना शिकावे लागते. पाहा, शिकायचे दोघांनाही आहे!

हे सारे अंगवळणी पडावे, म्हणून अनेक संस्था त्याला काही आठवडे एखाद्या तात्पुरत्या घरी ठेवतात. त्याच्या तोंडाला मुसके घालून, दोरी हातात धरून मांजर दाखवतात. काही कुत्रे मान फिरवतात, काहींची नजर मांजरावर खिळून राहते. दुसऱ्या प्रकारचा कुत्रा मांजर असलेल्या घरी देत नाहीत.

मोकळ्या रस्त्यावर दोरी कधीही सोडायची नाही, हा नियम सर्वांना लागू. कारण पुन्हा गणितच आहे. सेकंदाला १६ मीटर धावणाऱ्या कुत्र्याला परत बोलवायला तुम्ही तीन सेकंद उशीर केला, तर तो ४८ मीटर दूर गेलेला असतो, तोही वाहनांच्या रहदारीत. त्याचे डोके मानेपेक्षा अरुंद असल्याने साधा पट्टा सहज निसटतो. म्हणून ओढताच आवळला जाणारा खास पट्टा वापरतात.

एवढा वेगवान प्राणी घरात धुमाकूळ घालील, अशी भीती लोकांना वाटते. प्रत्यक्षात ग्रेहाउंड दिवसाचा बहुतेक वेळ झोपून काढतो! त्याची ताकद अर्ध्या मिनिटाच्या धावेसाठी असते, दिवसभराच्या दौडीसाठी नव्हे. रोज एक-दोनदा फिरवून आणले आणि मऊ अंथरूण दिले, की तो समाधानी असतो. अंथरूण मऊच हवे, कारण हाडांवर चरबीची गादी नाही.

वेळेचा प्रश्न

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात २०१८ साली मतदारांनी या शर्यती थांबविण्याचा कौल दिला आणि २०२० अखेर त्या बंद झाल्या. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये शर्यती बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा जुलै २०२६ अखेरपर्यंतची मुदत ठेवली. तेथे सुमारे २,९०० कुत्र्यांना घरे द्यावयाची होती, आणि त्यातल्या प्रत्येकाची तपासणी, शिक्षण आणि योग्य घराची निवड यांना वेळ लागतो.

मकावमध्येही दोन वर्षांची मुदत होती. पण ती कुत्र्यांसाठी कोणी वापरली नाही. वेग हवा म्हणून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हे शरीर घडविले. ते अर्धे मिनिट धावले की आपले काम संपले, असे माणसाला म्हणता येईल काय? वर्गात यावर जरूर चर्चा करा. आणि पुढच्या वेळी एखादा कुत्रा जिन्याशी अडखळताना दिसला, तर हसण्यापूर्वी विचारा: याला जिना कोणी कधी दाखवला होता का?